काडीकचऱ्यापासून गाडीचं इंधन: घोडं अडतं ते रसायनात नाही, गोळा करण्यात

हॉपर

शेतातलं काड आणि लाकडाचा भुसा यांपासून वाहनांचं इंधन काढणाऱ्या एका प्रायोगिक प्रकल्पावर मी सहा वर्षं काम केलं. प्लांट जितक्या वेळा बंद पडला तितक्या नोंदी माझ्या वहीत आहेत. त्यात रिअ‍ॅक्टरमुळे किंवा उत्प्रेरकामुळे पडलेले खंड मोजकेच. बाकी जवळजवळ सगळे एकाच जागेचे: हॉपरच्या, म्हणजे माल ओतायच्या नरसाळ्याच्या, तोंडापासून रिअ‍ॅक्टरपर्यंतचे चार मीटर.

काड धान्यासारखं घरंगळत नाही. ते हॉपरमध्ये कमान धरतं. वर टनभर माल आणि खाली माल पुढे ढकलणारा स्क्रू मोकळाच फिरतोय. वरून ढोसलं की सगळं एकदम कोसळतं आणि स्क्रू गच्च होतो. एका रात्रपाळीत स्क्रू उघडला तर गठ्ठे बांधायची प्लास्टिकची सुतळी शाफ्टभोवती गुंडाळून, तापून, वितळून तिचं मनगटाएवढं जाड कडं झालेलं. करवतीने कापता कापता उजाडलं. त्या कड्यात दोन खडे आणि नांगराच्या फाळाचा तुकडा रुतून बसला होता.

हे आधी सांगतोय, कारण 'कचऱ्यापासून इंधन' म्हटलं की चर्चा थेट जीवाणू, एन्झाइम आणि उत्प्रेरकांवर जाते. रसायन जुनंच आहे. आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१९ मध्ये चिंध्या आणि लाकडाच्या भुशावर सल्फ्युरिक आम्ल घालून साखर काढली होती. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनच्या मिश्रणापासून द्रव इंधन करण्याची फिशर-ट्रॉप्श पद्धत १९२० च्या दशकातली. म्हणजे एक वाट दोनशे वर्षांची, दुसरी शंभर वर्षांची. तरीही शेतातल्या काडापासून इंधन करणारे मोठे कारखाने का रुळत नाहीत, हा माझा प्रश्न आहे. माझं उत्तर असं की, कचरा जिथे दुसऱ्याच कामामुळे आधीच गोळा झालेला असतो, तिथेच हे इंधन टिकतं.

आता थोडं गणित. पूर्ण सुक्या लाकडात किलोमागे साधारण १८ ते १९ मेगाज्यूल ऊर्जा असते, डिझेलमध्ये ४३. हा फरक मुख्यतः ऑक्सिजनचा. लाकडाच्या वजनात चाळीस टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन असतो, आणि ऑक्सिजन जळत नाही. गाडीचं इंधन करायचं म्हणजे हा ऑक्सिजन काढून टाकायचा. तो पाण्याच्या किंवा कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने जातो, आणि जाताना हायड्रोजन किंवा कार्बन घेऊन जातो. कुठल्याही पद्धतीत एवढं मोजावंच लागतं.

वाटा ढोबळमानाने चार. एक, साखर काढून आंबवायची आणि इथेनॉल करायचं. दोन, ८०० अंश सेल्सिअसच्या वर वायू करून त्यापासून डिझेल, मिथेन किंवा मिथेनॉल करायचं. तीन, हवेशिवाय ५०० अंशांच्या आसपास दोनेक सेकंद तापवून तेल काढायचं. चार, ओलं कुजवून बायोगॅस करायचा आणि शुद्ध करून सीएनजीसारखा भरायचा. माझं काम तिसऱ्या वाटेवर होतं. वजनाच्या ६० ते ७५ टक्के तेल मिळतं म्हणून ही वाट फार देखणी वाटते. पण त्या तेलात पंधरा ते तीस टक्के पाणी असतं, ते व्हिनेगरसारखं आंबट असतं, डिझेलमध्ये मिसळत नाही आणि टाकीत ठेवलं की महिन्यागणिक घट्ट होत जातं. त्याचा धुरकट वास कपड्यांतून चार धुण्यांत जात नाही. ते इंजिनात घालायचं तर आधी हायड्रोजन वापरून त्यातला ऑक्सिजन काढावा लागतो, आणि खरी कसोटी तिथे लागते.

ज्यांनी हे काम शेतावर, गिरणीत, गॅरेजमध्ये किंवा प्रयोगशाळेत जवळून पाहिलंय त्यांनी लिहावं.

शिवार

धागा आवडला, पण पहिल्याच शब्दावर हरकत आहे. काड म्हणजे कचरा नव्हे.

एक टन गव्हाच्या काडात साधारण दहा किलो पोटॅश असतं. काड शेतातून उचललं की ते पोटॅश बाहेर गेलं. शिवाय जमिनीवर काड पसरलेलं असलं की पहिल्या पावसाचा मारा माती सोसते, नसलं तर पाणी वरची माती घेऊन जातं. माझ्या जमिनीच्या उताराकडच्या पट्ट्यात काड ठेवलेलं आणि उचललेलं असे दोन तुकडे शेजारी शेजारी आहेत. उचललेल्या तुकड्यात चार हंगामांत वरचा थर इतका आवळला की पाऊस पडल्यावर तासभर पाणी साचून राहतं. दुसऱ्यात कुदळ सहज जाते.

सगळं काड जाळणारेही आहेत, ते मी पाहतो. पुढच्या पेरणीला दोन आठवडे उरलेले असतात आणि पेंढा आडवा पडलेला असतो. त्या माणसाला कोणी काड न्यायला आलं तर त्याची सोयच होईल. पण 'शेतात एवढे कोटी टन काड पडून आहे' असे आकडे मांडणारे जमिनीचा वाटा वजा करत नाहीत. आधी तो वजा करा, मग उरलेल्यावर बोलू.

हॉपर

शिवार, हरकत मान्य. मथळ्यात 'कचरा' लिहिलंय ते बोलीत रुळलंय म्हणून. उतार, मातीचा पोत आणि उत्पन्न पाहून किती उचलायचं ते ठरतं, आणि उतारावरच्या हलक्या जमिनीतून काहीच उचलू नये.

तुमच्या पोटॅशला एक दुसरी बाजू आहे. जमिनीला जे हवं तेच भट्टीला नको असतं. पोटॅशियममुळे राखेचा वितळबिंदू खाली येतो. वाळूच्या तरंगत्या थरात काड जाळलं किंवा त्याचा वायू केला की वाळूचे कण या वितळत्या राखेने एकमेकांना चिकटतात आणि थर दगडासारखा बसतो. सालाशिवायच्या लाकडात राख एक टक्क्याहून कमी. गव्हाच्या काडात ती पाचेक टक्के, भाताच्या पेंढ्यात पंधराच्या पुढे, आणि तीही बहुतेक सिलिका. कुट्टीच्या यंत्राची पाती त्या सिलिकाने कानशीसारखी घासली जातात.

काड कापून लगेच उचललं नाही, एकदोन पाऊस खाऊ दिले, तर पोटॅश आणि क्लोरीन बरंचसं धुऊन जमिनीतच उतरतं. मग काड पुन्हा वाळवून न्यायचं. जमीन आणि भट्टी दोघांचं भलं होतं, फक्त शेत मोकळं व्हायला उशीर होतो. तुम्ही म्हणता ते दोन आठवडे इथेच नडतात.

विकर

मी इथेनॉलच्या वाटेवर काम करते, काडाची साखर करणाऱ्या एन्झाइमच्या बाजूला. हॉपर यांनी रसायन जुनं म्हणून थोडक्यात आटोपलं. ते अर्धंच खरं आहे.

काडाच्या पेशीभिंतीत तीन गोष्टी विणलेल्या असतात: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजची साखळी, पण ती लिग्निनच्या लेपात दडलेली. वनस्पतीने तो लेप कोट्यवधी वर्षांत कुजण्यापासून वाचण्यासाठीच घडवलाय. म्हणून आधी काड १६० ते २२० अंशांच्या वाफेत दाबाखाली धरायचं आणि दाब एकदम सोडायचा. बाहेर पडतो तो गडद तपकिरी, ओल्या तंबाखूसारखा लगदा. त्याला गोड आणि आंबट असा मिसळलेला वास येतो, आणि त्या वासातच पुढचं दुखणं असतं. वाफ जास्त झाली की साखरच जळून फरफ्युरल बनतं, शिवाय अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं, आणि या दोन्हींनी यीस्ट मरगळतं. वाफ कमी पडली तर एन्झाइमला आत शिरता येत नाही. आमचं निम्मं आयुष्य ही मधली पट्टी शोधण्यात जातं.

हे एन्झाइम ज्या बुरशीपासून येतं तिची हकीकत मला फार प्रिय आहे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू कुजून जात होते. ते कुजवणारी बुरशी शोधून जपून ठेवली गेली. तीच ट्रायकोडर्मा रीसाय, या विषयावर आयुष्य घातलेल्या एल्विन रीस यांच्या नावाने ओळखली जाणारी. तंबू वाचवायला निघालेल्या लोकांनी आमच्या हाती लगदा विरघळवायचं साधन दिलं.

दुसरी अडचण झायलोज या पाच कार्बनच्या साखरेची. काडातल्या साखरेचा मोठा वाटा पाच कार्बनचा असतो, आणि नेहमीचं यीस्ट त्याला तोंडच लावत नाही. जनुकांमध्ये बदल केलेलं यीस्ट लावतं, पण सावकाश. आणि सगळं नीट जमलं तरी ग्लुकोजच्या वजनाच्या जास्तीत जास्त ५१ टक्के इथेनॉल मिळतं, उरलेला कार्बन डायऑक्साइड. सुक्या काडाच्या टनामागे २५० लिटर इथेनॉल म्हणजे चांगलं काम. ऊर्जेत मोजलं तर काडातल्या ऊर्जेचा जेमतेम तिसरा भाग. लिग्निन उरतं, ते जाळून कारखाना स्वतःची वाफ करतो.

रानवाट

एक साधा प्रश्न. एवढं सगळं करण्यापेक्षा लाकूड थेट गाडीत का वापरता येत नाही? लाकडावर चालणाऱ्या गाड्या पूर्वी होत्या असं ऐकलंय.

चौथा गिअर

होत्या, आणि पुष्कळ होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी एकट्या जर्मनीत अशी सुमारे पाच लाख वाहनं होती. जॉर्ज इम्बेर यांच्या रचनेचा उभा लोखंडी पिंप गाडीच्या मागे किंवा बाजूला बसवायचा, त्यात लाकडाचे तुकडे, अपुऱ्या हवेत ते धुमसवायचे आणि निघणारा वायू गाळून इंजिनात घ्यायचा. अडीच ते तीन किलो लाकडात एक लिटर पेट्रोलचं काम होतं.

पण निघण्याआधी पेटवून थांबायचं, वाटेत राख काढायची, गाळण्या साफ करायच्या. वायूत नायट्रोजन निम्म्याच्या आसपास, त्यामुळे चढावर इंजिन दम टाकतं. कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावली आहेत. आणि डांबर! इनटेक व्हॉल्व्ह चिकटून बसतात. मी जुनी इंजिनं दुरुस्त करतो. असं एक इंजिन एका संग्राहकाने माझ्याकडे आणलं होतं. व्हॉल्व्हच्या दांड्यावर काळ्या काचेसारखा थर, नखाला लागत नव्हता. डिझेलमध्ये दोन दिवस भिजवलं तरी ढिम्म. शेवटी तापवून काढला. पेट्रोल परत मिळायला लागल्यावर लोकांनी हे पिंप उतरवले, यात नवल नाही.

आजचं माझं रोजचं काम सीएनजीच्या बसेसचं आहे, म्हणून चौथ्या वाटेबद्दल सांगतो. बायोगॅस शुद्ध करून मिथेन ९५ टक्क्यांच्या वर नेला की इंजिनाला काहीही फरक कळत नाही. एक घनमीटर मिथेन म्हणजे ऊर्जेत साधारण एक लिटर डिझेल. माझी अट एकच, हायड्रोजन सल्फाइड नीट काढा. ते राहिलं की इंजिन तेल आम्लट होतं आणि बेअरिंगचा तांब्याचा थर काळा पडून सुटतो. दोन बसेसमध्ये हे पाहिलंय. दोन्ही वेळी गॅस शुद्ध करणाऱ्या टॉवरमधला माल वेळेवर बदलला नव्हता.

शिवार

चौथा गिअर, तुम्ही माझ्या मनातली वाट काढलीत. बायोगॅसमध्ये जमिनीचं नुकसान सगळ्यात कमी होतं. मिथेनमध्ये जातो तो कार्बन आणि हायड्रोजन. नत्र, स्फुरद, पालाश सगळं टाकीतून निघणाऱ्या रबडीत राहतं, आणि ज्याला जीवाणू हात लावत नाहीत ते लिग्निनही. ती रबडी शेतात परत आली तर मी काड द्यायला तयार आहे. परत आली तरच.

नुसतं काड मात्र कुजत नाही हे अनुभवाने सांगतो. त्यात कार्बन नत्राच्या ऐंशी ते शंभर पट, आणि जीवाणूंना हवा वीस ते तीस पट. शेण मिसळावं लागतं. शिवाय काड बारीक केलं नाही तर टाकीत वर तरंगतं आणि चटईसारखा थर धरतं.

प्लस-मायनस

सगळ्यांचे कष्ट दिसतात आणि आदर आहे. तरी विचारतो: हेच काड आणि लाकूड जाळून वीज करा आणि ती विजेच्या गाडीत भरा, हिशोब कुठे जास्त किलोमीटर देतो? कॅम्पबेल, लोबेल आणि फील्ड यांनी २००९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात नेमकं हेच मांडलं होतं. एका हेक्टरच्या पिकापासून इथेनॉलपेक्षा विजेच्या वाटेने सरासरी ८१ टक्के जास्त अंतर कापता येतं. इंजिन इंधनातली बरीचशी ऊर्जा उष्णता म्हणून टाकून देतं, मोटर देत नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी?

हॉपर

प्लस-मायनस, छोटी गाडी आणि शहरातली बस यांच्याबाबत मी तुमच्या बाजूने आहे, आणि हे मनापासून सांगतो. तिथे वीज जास्त चांगली. पण आज रस्त्यावर असलेली डिझेल इंजिनं पुढची कैक वर्षं धावणार आहेत, लांब पल्ल्याचे अवजड ट्रक सगळ्यात शेवटी बदलतील. जे थोडंसं इंधन आपण काडापासून काढू शकतो ते तिथे जावं. थोडंसं हा शब्द मी मुद्दाम वापरतोय.

का थोडंसं, ते पाहा. युरोप आणि अमेरिकेतली उदाहरणं सगळ्यांना माहीत असावीत म्हणून एकत्र लिहितो. इटलीत क्रेशेन्तिनोला २०१३ मध्ये काडापासून इथेनॉल करणारा मोठा कारखाना सुरू झाला, २०१७ ला थांबला, मालक बदलून २०२२ मध्ये पुन्हा चालू झाला. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या नेव्हाडा गावी मक्याच्या ताटांचा कारखाना २०१५ मध्ये उघडला आणि २०१७ ला बंद. पुढे नव्या मालकाने तिथे बायोमिथेन सुरू केला. रोमानियात पोदारीचा कारखाना वर्षाला अडीच लाख टन काडापासून ५० हजार टन इथेनॉल काढायच्या बेताने उभा राहिला, २०२३ च्या अखेरीस तो बंद करायचं ठरलं. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला लाकडापासून मिथेन करणारा गोबिगास प्रकल्प तांत्रिकदृष्ट्या चांगला चालला, तरी २०१८ मध्ये थांबवला. प्रत्येकाची कारणं वेगळी, त्यात बाजारभाव आणि धोरणंही आली. पण अडीच लाख टन म्हणजे काय हे डोळ्यांपुढे आणा. पाचशे किलोचे पाच लाख गठ्ठे, आणि तेही कापणीच्या काही आठवड्यांत उचलून वर्षभर कोरडे ठेवायचे.

हेक्टरी दोन टन उचलायचं ठरवलं तर सव्वा लाख हेक्टर लागतात. भोवतालच्या जमिनीतला तिसरा हिस्सा गव्हाखाली आणि त्यातले एकतृतीयांश शेतकरी तयार, असं धरा. काड साठ किलोमीटर त्रिज्येतून आणावं लागतं. गठ्ठ्याची घनता घनमीटरला दीडशे किलोच्या आसपास, म्हणून ट्रक जागेने भरतो, वजनाने अर्धाच. आणि कारखाना दुप्पट केला की माल दुप्पट अंतरावरून नाही, पण सरासरी १.४ पट अंतरावरून येतो. रसायनाचे कारखाने मोठे केले की स्वस्त पडतात, काडाची वाहतूक मोठी केली की महाग. ही दोन गणितं एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढतात.

यावर जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या तंत्रज्ञान संस्थेने बायोलिक नावाने एक तोड काढली: काड जवळच्या छोट्या केंद्रांवर तापवून तेल आणि कोळशाचा दाट घोळ करायचा, तो टँकरने मोठ्या केंद्रात नेऊन त्याचा वायू करायचा. त्यांनी शेवटी पेट्रोल काढून दाखवलंही. मला ती कल्पना अजूनही पटते. पण छोट्या केंद्रावर तो स्क्रू रात्रभर सांभाळायला माणूस लागतोच.

सालपट

मी लाकूड कापायच्या गिरणीत आहे. हॉपर यांचा मूळ मुद्दा आमच्याकडे रोज दिसतो. ओंडक्यातलं साधारण निम्मं फळी होतं. बाकी ढलप्या, भुसा, साल. हा माल आवारातच पडतो, कोणी गोळा करायला जात नाही. म्हणूनच त्यातला एक किलोही मोकळा नाही. ढलप्या कागदाला, भुसा पार्टिकल बोर्डाला आणि पेलेटला (जाळायच्या दाबलेल्या गोळ्यांना), साल आमच्याच बॉयलरला. इंधनवाले येतात तेव्हा बोर्डवाल्याच्या तोंडचा घास मागतात.

जंगलात तोडीनंतर राहणाऱ्या फांद्या शेंडे वेगळे. ते ओले, अर्धं वजन पाण्याचं. ढीग करून एक उन्हाळा ठेवले तर वाळतात आणि पानं तिथेच गळतात, तेवढं खत जंगलाला मिळतं. लगेच चिप्स करून उंच ढीग केला तर आतून कुजून तापतो. माझ्यासमोर एक ढीग आतून पेटलाय. वरून फक्त वाफ दिसत होती, लोडरने कुशीत फावडं घातलं आणि हवा मिळताच भडका उडाला.

कागद गिरण्यांचं उदाहरण कोणी लिहिलं नाही, ते मात्र मला सगळ्यात पटतं.

विकर

सालपट, तेच लिहायला आले होते. नॉर्वेत सार्प्सबोर्गच्या बोरेगार्ड गिरणीत १९३८ पासून स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडातल्या साखरेचं इथेनॉल होतं आणि आजही होतं. लाकूड येतं ते सेल्युलोजसाठी. लिग्निनपासून व्हॅनिलिनसुद्धा करतात. इथेनॉल हा तिथला एक पदर आहे, सगळा भार त्याच्यावर नाही.

दुसरं फिनलंडमधल्या लाप्पेनरांताचं. कागदाच्या लगद्यासाठी पाइनचं लाकूड शिजवताना टॉल ऑइल नावाचं राळेसारखं तेल सुटतं. त्यावर हायड्रोजनची प्रक्रिया करून २०१५ पासून तिथे डिझेल होतं, आणि ते साध्या डिझेल इंजिनात तसंच चालतं. पण लगद्याच्या टनामागे हे तेल ३० ते ५० किलोच मिळतं. लगदा जास्त झाला तरच तेल जास्त. हॉपर यांचं 'थोडंसं' इथेही लागू.

चौथा गिअर

स्वीडनच्या पिटेओ गावी कागद गिरणीत लाकूड शिजवल्यावर उरणाऱ्या काळ्या द्रवाचा वायू करून डायमिथाइल इथर हे इंधन केलं होतं आणि व्होल्वोचे ट्रक त्यावर रस्त्यावर चालवले होते. त्या रेणूत कार्बन-कार्बन बंधच नाही, त्यामुळे काजळी जवळजवळ होत नाही. पाचेक बार दाबाला द्रव होतं. फक्त टाकी दुप्पट मोठी लागते आणि वंगण नसल्यामुळे इंजेक्शन पंपाला वेगळी सोय करावी लागते. मला संधी मिळाली तर ते इंजिन उघडून बघायचंय.

प्लस-मायनस

हॉपर, उत्तर पटलं. अवजड ट्रकसाठी आणि जिथे माल आधीच जमतो तिथेच, एवढी मर्यादा घातली तर माझा विरोध उरत नाही. 'सगळी वाहनं काडावर' म्हणणाऱ्यांशी मात्र मी भांडत राहीन.

शिवार

हॉपर, एक कामाचं विचारतो. आमच्या भागातले काही जण मिळून शेण आणि काड एकत्र घालायच्या बायोगॅसचा विचार करतोय, गॅस वाहनांसाठी द्यायचा आणि रबडी वाटून घ्यायची. काड गठ्ठ्यात ठेवायचं तर ओल किती चालते? आणि सुतळीचं काय करायचं?

हॉपर

ओल पंधरा टक्क्यांच्या आत ठेवा. वीसच्या वर गेली की गठ्ठा आतून तापायला लागतो. लोखंडी सळई गठ्ठ्यात खुपसून दहा मिनिटं ठेवा, काढल्यावर हातात धरवत नसेल तर तो गठ्ठा लगेच वेगळा करा. थप्पी जमिनीवर नको, खाली फळ्या घाला. खालचा थर जमिनीची ओल पितो आणि वरचा पावसाची, म्हणून वरून झाकताना बाजू मोकळ्या ठेवा.

टाकीत घालण्याआधी कुट्टी दोन-तीन सेंटीमीटरची करा, आणि यंत्राच्या तोंडाशी लोहचुंबक हवंच. सुतळी यंत्र चालू करण्याआधी माणसाने हाताने कापून बाजूला काढायची, आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या किती सुतळ्या निघाल्या ते पाटीवर लिहायचं. सहा गाठींचा गठ्ठा असेल तर सहाच्या सहा. पाच निघाल्या तर सहावी सापडेपर्यंत यंत्र सुरू करू नका.